चल म्हटल्याशिवाय

भोंगा परत आला आणि गल्लीला कळलंसुद्धा नाही. एरवी हा माणूस कोपऱ्यावर पोचला की त्याच्या आईला चहा टाकायला वेळ मिळायचा, एवढा त्याचा आवाज. एकदा फाउंड्रीचा भोंगा बिघडला होता तेव्हा मिस्त्रींनी यालाच गेटपाशी उभं करून ओरडायला लावलं होतं आणि पाळी वेळेवर सुटली होती. नाव तेव्हापासूनचं. तोच माणूस आता मागच्या बोळातून आला, खांद्याला पट्टी, हातात पिशवी, आणि घरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसला. मला हे दुसऱ्या दिवशी नळावर त्याच्या बापाकडून कळलं. म्हणजे जिवलग मित्र लढाईवरून आल्याची बातमी मला पाण्याच्या रांगेत मिळाली. राग येणार नाही तर काय होईल?

आम्ही तिघे एका गल्लीतले, एकाच शाळेत एकाच वर्षी नापास होऊन एकाच फाउंड्रीत लागलेले. तिसरा बगळा. उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा, आणि विचार करायला लागला की एक पाय दुसऱ्या पोटरीला टेकवून उभा राहणारा. मला ते दोघं कुरकुऱ्या म्हणायचे. का ते वाचता वाचता कळेलच, मी वेगळं सांगत बसत नाही.

भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा रस लॅडलमध्ये घेतात. लॅडल म्हणजे आतून मातीने लिंपलेली जाड लोखंडी बादली, तिला दोन्ही बाजूंना लांब दांडे. दोन माणसं ती उचलून वाळूच्या साच्यांपर्यंत नेतात. मागच्याच्या दांड्याला दुहेरी मूठ असते, तो लॅडल कलती करून रस ओततो. पुढच्याने फक्त धरायचं आणि चालायचं. पाठीशी रटरटता रस आहे म्हटल्यावर कोणालाही मागे वळून बघावंसं वाटणारच. पण बघितलं की खांदा वळतो, खांदा वळला की रस हिंदकळतो, आणि हिंदकळलेला रस पाय कोणाचा आहे ते विचारत नाही. म्हणून आमच्याकडे कायदा एकच. पुढच्याने मागे बघायचं नाही. मागचा बोलतो, पुढचा ऐकतो. शब्द चारच: चल, डावी, उजवी, थांब. थांब म्हटलं की असशील तसा थिजायचं, पाय वर असेल तर वर. मग मिस्त्री ओरडो, मालक ओरडो, डोक्यावरचं छप्पर कोसळो, मागच्याने चल म्हटल्याशिवाय हलायचं नाही.

हे अंगात मुरायला नव्या पोरांना काठोकाठ पाण्याने भरलेली लॅडल घेऊन मागच्या आवारात फिरवतात. आम्हा तिघांत बगळ्याच्या अंगात ते सगळ्यात आधी मुरलं. भोंगा मागे, बगळा पुढे, आणि मी साच्यापाशी सळईने रसावरची मळी अडवून धरणारा, अशी आमची तिघांची जोडी, असं मिस्त्री म्हणायचे. त्यांचं गणित कच्चंच आहे.

मग त्याचा खेळच झाला. भोंगा रस्त्याच्या पलीकडून 'थांब' म्हणून ओरडायचा की बगळा असेल तिथे पुतळा. कप ओठाला लावलेला, बसच्या पायरीवर एक पाय, एकदा तर त्याला बघायला आलेल्या मुलीच्या बापासमोर पाण्याचा पेला पुढे केलेला. बाप बिचारा पेला ओढतोय आणि हा सोडत नाही. खिडकीखालून 'चल' आल्यावर सुटला. बगळ्याची आई, आमची मावशी, बाहेर येऊन भोंग्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि म्हणायची, "आता गप्प बस रे मेल्या, कान किटले माझे." हे वाक्य आम्ही जवळजवळ रोज ऐकलेलं आहे.

त्यानंतर लढाई सुरू झाली आणि गावातली आमच्या वयाची पोरं एकेक करत बोलावली गेली. मला नाही बोलावलं. त्याच्या आदल्या वर्षी रसाची एक ठिणगी माझ्या डाव्या डोळ्यात गेली होती आणि तो डोळा गेला होता. तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली. लढाई सुरू झाल्यावर तेच लोक मला नशीबवान म्हणायला लागले. चहावाला तर म्हणाला, तुझा डोळा तुला पावला बाबा. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ज्या दिवशी ते दोघं गेले त्या दिवशी भोंगा सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात मावशीला म्हणाला होता की काळजी करू नका, मी याच्या मागेच आहे.

फाउंड्रीत आता पाण्याच्या पंपांऐवजी तोफगोळ्यांची कवचं ओतायला लागले. माणसं अर्धी आणि काम दुप्पट. घरी बसलेल्या म्हाताऱ्यांना परत बोलावलं, त्यांत भोंग्याचा बापही आला, ज्याच्या छातीत तीस वर्षांची वाळू बसलेली. तो लॅडलच्या मागे, मी पुढे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, पण पुढच्याला डोळे तसेही कमीच लागतात. बाप दर दोन शब्दांमध्ये खोकायचा. चल, मग खोकला. डावी, मग खोकला. मी पुढे उभा राहून त्याचा खोकला संपायची वाट बघायचो आणि मनातल्या मनात त्या दोघांना शिव्या घालायचो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बगळा गेल्याचं कळलं. एक अधिकारी येऊन मावशीला सांगून गेला की जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. मावशी तेव्हा कामावर होती. ओतलेली वस्तू आतून पोकळ राहायला वाळूचा गाभा लागतो, तो बायका वेगळ्या खोलीत बसून हाताने करतात. ती त्या खोलीत होती. तिने ऐकलं, मान हलवली आणि हातातला गाभा पुरा केला. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. लोकांना काय जातं बोलायला?

आणि आता भोंगा आला होता. मी नळावरून पाणी न घेताच त्याच्या घरी गेलो. तो उठला, मला मिठी मारली, म्हणजे एका हाताने जेवढी मारता येते तेवढी, आणि म्हणाला, "बाहेर जाऊ." मला वाटलं बाहेर जाऊन बोलेल. कसलं काय! आम्ही चालत राहिलो. गोदामांच्या मागून, रुळांच्या कडेने, पुलाखालून परत गोदामांकडे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. चहाला बसलो तर कप अर्धा ठेवून उठायचा. घरात बसला तर गुडघा एकसारखा हलायचा, त्याची आई येऊन गुडघ्यावर हात ठेवायची, मग दुसरा हलायला लागायचा. विचारलेल्या प्रश्नाला हो किंवा नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट माझ्या चांगल्या डोळ्याला हळूहळू दिसायला लागली. तो कोणाच्या मागे चालत नव्हता. बोळ अरुंद असला आणि पुढे कोणी जात असलं तर तो थांबून राहायचा, नाहीतर परत फिरायचा. रॉकेलच्या रांगेत उभा राहिला तर पुढच्या माणसाची पाठ बघून घामाने डबडबायचा आणि कॅन तिथेच टाकून निघून जायचा. कॅन घेऊन घरी कोण येणार? मी. एरवी सगळीकडे माझ्या मागून ओरडत येणारा माणूस आता माझ्या पुढे भराभरा चालायचा, आणि मी एका डोळ्याने ठेचकाळत त्याच्या मागे.

मावशीचं घर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तो त्या बाजूला वळायचाच नाही. मावशी रोज संध्याकाळी कामावरून येताना मला विचारायची, आला का रे तो, बोलला का काही. मी सांगायचो, येईल. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली की त्याला म्हणावं, तू ओरडत आलास तरी चालेल. एवढं बोलून ती घाईघाईने घरात गेली.

यातच मिस्त्रींचा निरोप आला. भोंग्याचा खांदा बरा झाला की महिनाअखेर त्याला परत आघाडीवर जायचं होतं. पण वर असा हुकूम होता की कवचं ओतणाऱ्या फाउंड्रीत जो माणूस लॅडलवर लागेल त्याला परत नेणार नाहीत, ओतणाऱ्यांचा तिकडेही उपयोगच आहे. मिस्त्रींनी फक्त मॅनेजरला सांगायचं होतं की हा आमचा माणूस, कामाला लागला. मिस्त्री म्हणाले, खांदा अवघडला असेल, आधी पाण्यावर चालवून बघा, मग मी सांगतो. आयती संधी होती. त्याच्या आईने तर ऐकून डोळ्यांना पदर लावला. बाप नुसता खोकला, पण खोकतानाही हसत होता.

आम्ही मागच्या आवारात गेलो. तीच जुनी लॅडल, काठोकाठ पाणी. मी पुढे दांडा धरला, त्याने मागे धरला. उचलली. मी 'चल'ची वाट बघत उभा राहिलो.

काही आलंच नाही. मला वाटलं खांदा दुखतोय. मग मागून दांडा हलला, म्हणजे तो मला ढकलत होता, बैलाला ढोसावं तसा. मी चाललो. वळणावर दांडा डावीकडे दाबला, मी वळलो, पाणी माझ्या पोटऱ्यांवर सांडलं. पाणी होतं म्हणून बरं. मी लॅडल खाली ठेवली आणि म्हटलं, जीभ तिकडे ठेवून आलास का? त्याने वाकून मूठ धरली. परत उचलली, परत तेच. आठवडाभर रोज तेच. खांदा त्याचा उत्तम होता. मिस्त्री एकदा लांबून बघून गेले आणि मला म्हणाले, मुक्या माणसाच्या हातात रस देता येत नाही, पोरा. त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

रविवारी दुपारी माझं डोकं फिरलं. मी त्याला दंडाला धरलं आणि जवळजवळ फरपटत मावशीच्या दाराशी नेलं. मला वाटलं होतं तिला बघून हा रडेल, आणि रडला की बोलेल. उंटावरचा शहाणा मी.

मावशी स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. तिने त्याला बघितलं, एक ताट खाली ठेवलं, दुसरं हातातच राहिलं. बस म्हणाली. तो बसला नाही. खिडकीशी उभा राहिला, मग दाराशी, मग परत खिडकीशी. खिडकीखालून सायकलवाला घंटी वाजवत गेला तेवढ्यानेही त्याची मान वळली. मावशी म्हणाली, मला फक्त एवढंच सांग, जागच्या जागी गेला हे खरं का.

"खरं," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "जागच्या जागीच. तेच तर."

मावशीला ते कळलं नाही, मलाही नाही. तो भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला. इतके दिवस अडलेलं सगळं हळू आवाजात, सपाट, एकाखाली एक आलं.

"आम्ही रांगेने चाललो होतो. तो पुढे, मी मागे. मी साहेबांकडे मागूनच घेतलं होतं तसं. एक पडकं घर होतं आणि त्याच्या पुढे मोकळी जागा. त्याच्या पायापुढे मला तार दिसली. बारीक तार, पाय लागला की स्फोट. मी म्हटलं, थांब."

"मग?" मावशी म्हणाली.

"थांबला. पाय उचललेला होता, तसाच ठेवला वर. तार चुकली, मावशी. त्याला लागली नाही. आणि तेवढ्यात त्या घरातून गोळ्या आल्या. आम्ही सगळे आडवे झालो. सगळे त्याला ओरडत होते, खाली पड, खाली पड. साहेब ओरडत होते. तो उभा होता."

"का?" मावशीने विचारलं. मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं.

"मी चल म्हटलं नव्हतं," भोंगा म्हणाला. "माझं तोंड मातीत होतं. आवाज होता माझ्यात. निघाला नाही."

ताट अजून मावशीच्या हातात होतं. तिने ते फडक्याने पुसलं, उलटं करून परत पुसलं. मग विचारलं, "एका पायावर होता?"

"हो."

"दमला असेल रे," ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला वाटलं आता ती त्याला जवळ घेईल. तिने ताट फळीवर लावलं, हात पुसले, आणि म्हणाली, "चालता हो माझ्या घरातून." तो हलला नाही तेव्हा तिने ते परत म्हटलं, आणि तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. गल्लीतल्या लोकांनी दारं उघडली. आम्ही बाहेर पडलो.

मला त्या दिवशी भोंग्याला मारायचंही होतं आणि छातीशी धरायचंही होतं. दोन्ही जमलं नाही. आम्ही फाउंड्रीच्या मागच्या भिंतीपाशी पोचलो आणि मी तिथली एक रिकामी बादली लाथाडली, अंगठा सुजला तेवढंच. भोंगा म्हणाला की मी परत जातो, महिनाअखेर कशाला, उद्याच गाडी आहे. मी म्हटलं तिथे मरशील. त्यावर तो मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "इथे मी ज्याच्या मागे उभा राहीन तो मरेल."

मी म्हटलं, माझ्या मागे उभा राहून बघ की, मी एवढ्या सहज मरत नाही. आमच्यात अशी भाषा नेहमीचीच, पण त्याला हसू आलं नाही आणि मलाही आलं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर मला एकच गोष्ट दिसत होती, की हा जाणार आणि तिथल्या मोकळ्या जागेत मुद्दाम उभा राहणार. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. मला ते दगडावरच्या रेघेसारखं पक्कं माहीत होतं.

सोमवारी सकाळी भट्टी तापलेली. नेहमीसारखा मी पुढे, बाप मागे. लॅडल भट्टीच्या तोंडाखाली ठेवून रस घेतला, वर पांढरा लखलखाट, कडेला केशरी. आणि बापाला खोकल्याची उबळ आली. साधी नाही. तो वाकला, गुडघ्यावर बसला, मग हात टेकले. दोघांनी धरून त्याला दाराशी हवेत नेलं. लॅडल भरलेली जमिनीवर. रस थांबत नसतो, काही मिनिटांत वरून साय धरायला लागते, आणि मग तो ना ओतायच्या कामाचा ना ठेवायच्या. मिस्त्री इकडेतिकडे बघत होते. मागची मूठ धरणारा दुसरा माणूस पलीकडच्या भट्टीवर अडकलेला.

तेवढ्यात दारातून भोंगा आत आला. खांद्याला पिशवी होती, बापाचा निरोप घ्यायला आला होता. त्याने दाराशी पडलेल्या बापाकडे बघितलं, मग लॅडलकडे. बापाने खोकता खोकताच हाताने त्याला आत जा म्हणून खुणावलं. त्याने पिशवी जमिनीवर टाकली. मिस्त्री म्हणाले, नको. मी म्हटलं, "धरू दे त्याला, मी पुढे आहे." मिस्त्रींनी एकदा रसाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजूला झाले.

मी वळून पुढचा दांडा धरला. मागे मूठ धरल्याचा आवाज आला. एकदम उचलली, वर्षानुवर्षं उचलतो तशी. पाठीवर शेकोटीपेक्षा मोठी आग. समोर साच्यांची रांग, मधे वळणावरचा खांब. मी उभा राहिलो.

मागे काही नाही. रसाचा तो बारीक फुटफुट आवाज. मग दांडा हलला, तो मला ढोसत होता, पाण्यावर ढोसायचा तसा. त्या क्षणी माझ्या अंगात जो हट्ट शिरला तो माझा जन्माचा हट्ट. मी ठरवलं, नाही. हा बोलल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. रस थिजला तर थिजू दे, हात तुटले तर तुटू देत.

मिस्त्री ओरडले, निघा. मी हललो नाही. साच्यांपाशी सळई घेऊन उभा असलेला माणूस ओरडला, अरे चल. पलीकडच्या भट्टीवरचे ओरडायला लागले, चल, चल, काय करतोयस. सगळे ओरडत होते. माझे हात थरथरायला लागले, दंडापासून खाली, मानेचे केस जळल्याचा वास मलाच येत होता. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. आणि त्या भीतीत मला कळलं की बगळा तिथे कसा उभा राहिला असेल. तो मूर्ख नव्हता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो फक्त एका आवाजाची वाट बघत होता, कारण त्या आवाजाने त्याला आजवर कधी भाजू दिलं नव्हतं.

माझ्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला गाभ्यांच्या खोलीचं दार होतं. त्यात बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढे मावशी, कोपरांपर्यंत तेलकट वाळू. ती ओरडत नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती, माझ्या मागे बघत होती. मी मागे बघू शकत नव्हतो. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि त्यावरून मागे काय चाललंय ते शोधत राहिलो. तिचे ओठ हलले, आवाज न करता, बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं तसे.

"चल," मागून आलं.

गंजलेल्या बिजागरीतून यावा तसा आवाज. पण त्याचा होता. मी पाऊल टाकलं. त्याचंही पाऊल बरोबर पडलं.

"डावी," तो म्हणाला. खांब ओलांडला. "थांब." मी थिजलो. लॅडल कलली, रस पहिल्या साच्यात उतरला, साच्याच्या भोकांतून निळ्या ज्योती उठल्या. "चल." दुसरा साचा. "थांब." "चल." प्रत्येक वेळी आवाज मोठा होत गेला. चौथ्या-पाचव्या साच्याला तो आमच्या जुन्या भोंग्याचा आवाज झाला, पत्र्यांना लागून परत येणारा, आणि दाराशी बापाने डोकं भिंतीला टेकून डोळे मिटले. शेवटचा साचा भरला. तळाशी थोडा रस उरला होता तो वाळूत ओतला. आम्ही लॅडल खाली ठेवली. मी बोटं उघडायला गेलो तर ती उघडेनात, एकेक करून उघडावी लागली.

"चल," मागून आलं.

मी म्हटलं, झालं की रे, संपलं. आणि आता कायदा संपला होता म्हणून मागे वळलो. तो तिथेच उभा होता, रिकाम्या मुठी पुढे धरून, नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी लांब. "चल," तो म्हणाला. "चल. चल. चल रे. चल." पूर्ण आवाजात, घसा फुटेस्तोवर. सगळ्या फाउंड्रीने हातातलं काम टाकलं होतं. मी त्याचे खांदे धरून हलवले, त्याला मी दिसतच नव्हतो. मिस्त्रींनी काही न बोलता त्याची पिशवी जमिनीवरून उचलली, झटकली आणि कामगारांच्या खुंट्यांवर नेऊन टांगली.

मग मावशी दारातून निघाली. साच्यांच्या मधून, गरम वाळू चुकवत, तिच्या नेहमीच्या चालीने आली. तिने मला बाजूला केलं. वाळूने माखलेले दोन्ही हात त्याच्या गालांना लावले आणि त्याचं तोंड स्वतःकडे वळवून धरलं. तो अजून म्हणत होता, चल, चल.

"ऐकलं त्याने," ती म्हणाली. "आता गप्प बस."